लालबाग-परळ लाल झेंड्याकडून भगव्याकडे कसं गेलं? अमेरिकेतल्या उजव्या राजकारणाच्या उदयाशी त्याचं काय साम्य आहे?

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतल्या दोन शेजारच्या मतदारसंघांनी डाव्या विचारांचे खासदार दिल्लीला पाठवले. गिरगाव-काळबादेवीच्या दक्षिण मुंबईत समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी काँग्रेसच्या स. का. पाटील यांचा पराभव केला. लालबाग-परळच्या गिरणगावाचा समावेश असलेल्या तेव्हाच्या दक्षिण-मध्य मुंबईतून कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे निवडून आले.

त्यानंतर २२ वर्षांनी, १९८९ मध्ये, याच दक्षिण-मध्य मुंबईतून शिवसेनेचे वामनराव महाडिक लोकसभेत गेले. १९९१ पासून २००४ पर्यंतच्या सलग पाच निवडणुका शिवसेनेच्याच मोहन रावले यांनी जिंकल्या.

जवळपास याच काळात अमेरिकेतही असंच काहीसं घडत होतं. मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराला लागून मॅकम्ब काउंटी आहे. इथे मोठ्या संख्येने मोटार कारखान्यांतले कामगार राहायचे आणि त्यांच्या युनियन बलाढ्य होत्या. १९६० मध्ये या काउंटीने डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन केनेडींना सुमारे ६३ टक्के मतं दिली. १९८४ मध्ये तिथल्याच जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांना मत दिलं.

कामगारवस्ती डावीकडून उजवीकडे का जाते, हा प्रश्न जगभर विचारला जातो. कामगारांनी पोट विसरून अस्मितेला मत दिलं, असं त्याचं एक सोपं उत्तर दिलं जातं. गिरणगावचा इतिहास नीट पाहिला तर हे उत्तर अपुरं वाटतं.

अमेरिकेत नेमकं काय घडलं?

अमेरिकेतल्या आजच्या उजव्या, म्हणजे 'कॉन्झर्व्हेटिव्ह' राजकारणाची सुरुवात साधारणपणे १९५० च्या दशकात झाल्याचं मानलं जातं. १९५५ मध्ये विल्यम बकले यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केलं. कमी कर, सरकारचा कमी हस्तक्षेप, साम्यवादाला विरोध आणि धर्म-कुटुंबव्यवस्थेचा आग्रह असे वेगवेगळे प्रवाह त्यातून एका छताखाली आले.

१९६४ मध्ये या विचारांचे बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दणकून हरले. ५० पैकी फक्त ६ राज्यं त्यांच्या वाट्याला आली. पण त्यातली पाच राज्यं दक्षिणेतली होती आणि दक्षिण हा तोवर डेमोक्रॅटिक पक्षाचा गड होता. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारा नागरी हक्क कायदा मंजूर झाला होता. त्यावर नाराज असलेला गोरा मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकू लागला. १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन यांना त्याचा फायदा झाला.

८ मे १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांना भर रस्त्यात मारहाण केली. कामगार आणि डावे तरुण एकाच बाजूला असतात, हे गृहीतक त्या दिवशी जाहीरपणे मोडलं.

पुढे १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काला मान्यता दिली आणि चर्चला जाणारा मोठा वर्ग राजकारणात उतरला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा आणली. १९८० मध्ये रेगन ४४ राज्यं जिंकून अध्यक्ष झाले.

म्हणजे हा पक्ष दोन वेगळ्या वर्गांवर उभा राहिला. एक होता कॅलिफोर्नियासारख्या राज्यांच्या उपनगरांमधला मध्यमवर्ग आणि दुसरा मॅकम्बसारख्या ठिकाणचा कामगार. मुंबईतही असेच दोन वर्ग एकत्र आले.

गिरणगाव 'लाल' कसं झालं होतं?

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये ताडदेवला स्थापन झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी, दादर या पट्ट्यात गिरण्या आणि त्यांच्याभोवती चाळी उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, खाणावळीत जेवायचे आणि गावाकडे पैसे पाठवायचे.

१९२८ मध्ये गिरण्यांमध्ये सहा महिने सार्वत्रिक संप चालला. त्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे 'लाल बावटा', मोठी झाली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हा विचार चाळीच्या चौकात नेला.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात डाव्यांचं बळ आणखी वाढलं. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत डांगे, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे एकत्र होते. मराठी भाषिकांचा प्रश्न आणि कामगारांचा प्रश्न तेव्हा एकाच व्यासपीठावरून मांडला जात होता. कापडगिरणीचा मालक बहुधा अमराठी आणि कामगार बहुधा मराठी, त्यामुळे दोन्ही लढाया लोकांना एकच वाटत.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि समितीचं काम संपलं. घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. मुंबईतल्या मराठी माणसाच्या मनातली खदखद मात्र संपली नव्हती आणि तिच्यावर कोणत्याच मोठ्या पक्षाचा हक्क उरला नव्हता.

शिवसेनेची सुरुवात कुठून झाली?

शिवसेनेची सुरुवात गिरणीच्या गेटवर झाली नाही. ती झाली दादर-गिरगावच्या नोकरदार, कारकून वर्गात.

ऑगस्ट १९६० मध्ये बाळ ठाकरे यांनी भाऊ श्रीकांत यांच्यासोबत 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं. मुंबईतल्या कंपन्या आणि सरकारी कार्यालयांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात छापून येऊ लागल्या. त्यात दाक्षिणात्य नावांचा भरणा असे आणि सदराचं नाव होतं 'वाचा आणि थंड बसा'. १९६१ च्या जनगणनेनुसार मुंबईत मराठी भाषिकांचं प्रमाण सुमारे ४३ टक्के होतं. राज्य आपलं, राजधानी आपली, मग खुर्चीवर आपण का नाही, हा सवाल पदवी किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणाला थेट भिडला.

१९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली आणि ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला. '८० टक्के समाजकारण, २० टक्के राजकारण' ही घोषणाही सुरुवातीच्या काळातलीच.

हा कारकुनांचा प्रश्न लालबागच्या चाळीत कसा पोहोचला? गिरणी कामगारांची पुढची पिढी शाळेत जाऊ लागली होती. गिरणीत कायम होण्याआधी बरीच वर्षं 'बदली' म्हणून काढावी लागत. दहावी-अकरावी शिकलेल्या मुलाला बापासारखं साच्यावर उभं राहायचं नव्हतं, त्याला बँकेत, विमा कंपनीत किंवा विमानतळावर नोकरी हवी होती. गिरणीतली युनियन बापाच्या पगाराबद्दल बोलत होती. मुलाच्या नोकरीबद्दल बोलणारी संघटना शिवसेना होती.

१९६७ ते १९७०: संघर्ष रस्त्यावर

डांगे निवडून आले त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९६७ मध्ये, परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर शिवसैनिकांनी हल्ला केला. कम्युनिस्टांचा विरोध हा तोवर शिवसेनेचा उघड कार्यक्रम झाला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काँग्रेस सरकारला डाव्यांची कामगार चळवळ डोईजड होत होती. सरकार शिवसेनेकडे काणाडोळा करतं, असा आरोप करत विरोधक तिला 'वसंतसेना' म्हणत.

१९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने प्रजा समाजवादी पक्षाशी युती केली आणि ४२ जागा जिंकल्या. त्याच वर्षी भारतीय कामगार सेना ही संघटना निघाली.

५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. या खुनाचा आरोप शिवसैनिकांवर आला. न्यूयॉर्कमधल्या त्या मारहाणीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण डाव्यांचा हक्काचा समजला जाणारा वर्ग दुभंगल्याचं दोन्हीकडे एकाच सुमारास दिसलं.

देसाईंच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई कम्युनिस्ट पक्षातर्फे उभ्या राहिल्या. शिवसेनेच्या वामनराव महाडिक यांनी त्यांना दोन हजारांहून कमी मतांनी हरवलं. महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार ठरले.

मग गिरणगाव लगेच भगवं झालं का?

नाही, आणि इथेच सोपं उत्तर अपुरं पडतं.

१९७२ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेचा एकच आमदार निवडून आला. ते होते गिरगावचे प्रमोद नवलकर. परळची जागा दोन वर्षांतच हातून गेली होती. १९७८ मध्ये तर शिवसेनेला विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. पक्षाने १९७५ मध्ये आणीबाणीला पाठिंबा दिला होता, त्याचीही किंमत मोजावी लागली.

या काळात गिरणगावात एक वेगळीच विभागणी होती. अनेक घरांत गिरणीतली वर्गणी लाल बावट्याची आणि गल्लीतलं मंडळ शिवसेनेचं, असं चाले. पगाराचा प्रश्न आला की माणूस युनियनकडे जाई. नळाचा, दाखल्याचा, पोलीस ठाण्याचा प्रश्न आला की शाखेत जाई. लोकांना यात काही विसंगती वाटत नव्हती.

१९८२ च्या संपाने काय बदललं?

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून वाद पेटला. शिवसेनेनेही सुरुवातीला त्यात उडी घेतली, पण लांबच्या लढाईत ती उतरली नाही. कामगारांनी मग डॉ. दत्ता सामंत यांना साकडं घातलं. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले.

कामगारांची एक मुख्य तक्रार पगाराइतकीच प्रतिनिधित्वाची होती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ नुसार वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि ती होती काँग्रेसशी जवळीक असलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार ज्यांच्या मागे होते त्या सामंतांशी बोलायला सरकार तयार नव्हतं.

अमेरिकेत त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला होता. रेगन यांनी दोन दिवसांत ११ हजारांहून जास्त जणांना बडतर्फ केलं. विशेष म्हणजे या युनियनने १९८० च्या निवडणुकीत रेगन यांनाच पाठिंबा दिला होता. त्यानंतर अमेरिकेतल्या खासगी कंपन्याही संपकऱ्यांशी अधिक कठोर वागू लागल्या.

मुंबईतला संप कधी अधिकृतपणे मागेच घेतला गेला नाही. तो विरत गेला. हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले, अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्याच नाहीत.

तरीही डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या प्रचंड लाटेत, गिरणगावाने दत्ता सामंत यांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवलं. संप हरल्याचं दिसत असतानाही कामगाराने कामगार म्हणूनच मत दिलं होतं. अस्मितेचं राजकारण तेव्हा १८ वर्षं जुनं होतं, पण त्याने पोटाच्या प्रश्नावर मात केली नव्हती.

शिवसेनेला खरी उसळी मिळाली ती यानंतर. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाणार, या भीतीच्या वातावरणात १९८५ मध्ये तिने महापालिका जिंकली आणि छगन भुजबळ महापौर झाले. पक्ष मराठीच्या जोडीला हिंदुत्व मांडू लागला. १९८९ मध्ये भाजपशी युती झाली आणि त्याच वर्षी सामंतांची जागा महाडिकांकडे गेली.

म्हणजे क्रम असा आहे की पगाराची लढाई आधी हरली आणि मत त्यानंतर सरकलं.

युनियन संपली, शाखा का टिकली?

युनियनचं सगळं बळ गिरणीच्या गेटवर होतं. वर्गणी तिथे गोळा व्हायची, सभा तिथे व्हायची, संप हे हत्यारही तिथलंच. गिरणी बंद पडली की सभासद कुठे शोधायचा, हाच प्रश्न उभा राहायचा.

शाखा राहत्या वस्तीत होती. रुग्णवाहिका, शाळेचा प्रवेश, वह्यावाटप, गणपती, दहीहंडी, भाडेकरूचा वाद, रात्री-अपरात्री रुग्णालयात ओळख लावणं, ही तिची कामं. स्थानीय लोकाधिकार समितीमार्फत बँका आणि सरकारी कंपन्यांमध्ये मराठी मुलांच्या भरतीसाठी पाठपुरावा होई. १९७८ मध्ये एकही आमदार नसताना शाखेचा फलक आणि बाकडं जागेवरच होतं. निवडणुकीतल्या अपयशाने शाखा बंद पडत नाही, पण गिरणीला टाळं लागलं की गिरणीतली युनियन संपते.

अमेरिकेतही याला समांतर असं घडलं. कारखाने बंद पडले तिथे युनियनचा सभागृहही ओस पडला. चर्च, बंदूकधारकांच्या संघटना, गर्भपातविरोधी गट मात्र वस्तीतच होते. १९६४ मध्ये गोल्डवॉटर हरले आणि १९७६ मध्ये रेगन यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही, तरी हे जाळं विणलं जातच राहिलं.

थोडक्यात, उजव्या पक्षांनी कामगाराला कामगार म्हणून जिंकलं नाही. त्यांनी त्याला रहिवासी म्हणून संघटित केलं.

या संघटनाला एक कडवट बाजूही आहे. 'आपण' कोण हे सांगण्यासाठी 'ते' कोण हेही सांगावं लागतं. मॅकम्बमध्ये १९८५ मध्ये स्टॅनली ग्रीनबर्ग यांनी मतदारांचा अभ्यास केला. आपल्या हालांना कृष्णवर्णीय आणि त्यांची बाजू घेणारा डेमोक्रॅटिक पक्ष जबाबदार आहे, अशी तिथल्या अनेक गोऱ्या कामगारांची भावना त्यांना आढळली. मुंबईत आधी दाक्षिणात्य, मग मुसलमान, नंतर उत्तर भारतीय असे रोख बदलत गेले. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मधल्या अहवालात शिवसेनेवर गंभीर ठपका ठेवला.

साम्य कुठे संपतं?

अमेरिकन उजव्या राजकारणाचा एक पाय आर्थिक धोरणात आहे. कर कमी करा, सरकार लहान करा, बाजाराला मोकळीक द्या, हे त्याचं सूत्र. शिवसेनेने असं कधीच म्हटलं नाही. स्थानिकांना नोकऱ्या द्या ही तिची पहिली मागणीच सरकारने हस्तक्षेप करावा अशी होती. १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर आणि ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं ही युतीची गाजलेली आश्वासनं होती. अमेरिकेतला एकही रिपब्लिकन नेता असा जाहीरनामा घेऊन मतं मागणार नाही.

दुसरा फरक संघटनेचा. अमेरिकेत नियतकालिकं, अभ्याससंस्था, देणगीदार आणि चर्च यांची वेगवेगळी केंद्रं होती. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या हेरिटेज फाउंडेशनसारख्या संस्था धोरणांचे मसुदे तयार करत. शिवसेनेत आदेश एकाच ठिकाणाहून निघे आणि धोरणाच्या मसुद्यापेक्षा दसऱ्याचं भाषण मोठं असे.

कामगाराच्या हाती काय लागलं?

गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन हा पुढचा मोठा प्रश्न होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकांना, अशी ढोबळ वाटणी होती. २००१ मध्ये ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त रिकाम्या जागेला लागू करण्यात आली. त्यामुळे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला आलेला भाग आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

२०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. सुमारे दीड लाख कामगार आणि वारसांनी अर्ज केले होते. त्या सोडतीत सात हजारांहून कमी घरं होती.

१९९१ आणि २००१ या दोन्ही वेळी राज्यात सत्ता काँग्रेस किंवा काँग्रेस-राष्ट्रवादीची होती, त्यामुळे या निर्णयांचं खापर एकट्या शिवसेनेवर फोडता येत नाही. पण १९८५ नंतरचा बहुतेक काळ महापालिका आणि १९९५ ते १९९९ राज्य तिच्या हाती होतं. गिरणगावाने निष्ठेने मतं दिली आणि जमिनीच्या हिशेबात त्या मतांचं वजन फारसं पडलं नाही. मॅकम्बच्या मोटार कामगारांचाही अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. रेगन यांच्या आठ वर्षांत त्यांना मान मिळाला, पण कारखान्यांची गळती थांबली नाही.

आता पुढे काय?

२०२२ मध्ये शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. तरीही २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिवडी, वरळी आणि माहीम हे तिन्ही मतदारसंघ उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे राहिले. गिरगावचा मोठा भाग ज्यात येतो त्या मलबार हिलमधून मात्र १९९५ पासून भाजपचे मंगलप्रभात लोढा निवडून येत आहेत.

पहिलीपासून हिंदीच्या सक्तीचा वाद पेटल्यावर सरकारने आदेश मागे घेतला आणि ५ जुलै २०२५ रोजी वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले. भाषेचा मुद्दा आजही माणसं जमवू शकतो, हे त्यातून दिसलं.

पण शाखेचा आधार होता ती चाळच आता कमी होत चालली आहे. तिच्या जागी टॉवर येतात. जुने रहिवासी डोंबिवली, बदलापूर, विरारकडे जातात किंवा त्याच जागी पंधराव्या मजल्यावर राहतात. तिथे सुरक्षारक्षकाला विचारल्याशिवाय कार्यकर्ता दारापर्यंत पोहोचत नाही. रुग्णालयाच्या खाटेसाठी, दाखल्यासाठी लोक मोबाइल उघडतात. गिरणी बंद पडल्यावर युनियनसमोर जो प्रश्न आला, तोच आता शाखेसमोर आहे. ज्याला त्याचं उत्तर आधी सापडेल, लालबाग-परळचं पुढचं राजकारण त्याच्या बाजूने झुकण्याची शक्यता जास्त आहे.